धाप लागते? रक्त तपासा!

"डॉक्टर, रक्त तपासून एकदाच काय ते सांगून टाका!" दोन जिने चढून धापा टाकणारी मंडळी मला हमखास असे सांगतात. मधुमेह रक्तात कळतो, कावीळ कळते. मग फुप्फुसाचा जुनाट आजार, ज्याला आम्ही सीओपीडी म्हणतो, तोच का कळू नये?

प्रश्न रास्त आहे. संशोधकही त्याच्या मागे आहेत. रक्तातले फायब्रिनोजेन वाढलेले असले, तर हा आजार उसळण्याचा धोका अधिक, असे दिसून आले आहे. पण फायब्रिनोजेन साध्या तापातही वाढते. कुत्रे भुंकले एवढे कळते. दाराशी चोर आहे की पाहुणा, ते कळत नाही!

इओसिनोफिल या पेशी अधिक उपयोगाच्या. आजार वरचेवर उसळत असेल आणि या पेशी मायक्रोलिटरला ३०० किंवा अधिक असतील, तर श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा गुण येण्याचा संभव जास्त. १००हून कमी असतील तर फारसा नाही. म्हणजे औषध कोणते ते रक्त सुचवते, आजार आहे की नाही ते सांगत नाही.

कारण मात्र रक्तात कधीकधी सापडते. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल व एरिक्सन यांना पाच जणांच्या रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची उणीव आढळली. त्यांपैकी तिघांची फुप्फुसे अकाली खराब झाली होती. ही उणीव आनुवंशिक असते. म्हणून सीओपीडी ठरलेल्याने ही तपासणी एकदा तरी करून घ्यावी.

पण आजार ठरवायचा तो स्पायरोमेट्रीने. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध घेऊन यंत्राच्या नळीत जोराने फुंकायचे. पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर नलिका अरुंद झाल्या असे समजावे. मग त्या पहिल्या सेकंदातल्या हवेची वय-उंचीप्रमाणे अपेक्षित आकड्याशी तुलना करायची: ८० टक्के व वर ती पहिली पायरी, ५०पर्यंत दुसरी, ३०पर्यंत तिसरी, त्याखाली चौथी.

आणि हो, "आमच्या घरी विडीला कुणी शिवत नाही" म्हणून निर्धास्त राहू नका. चुलीच्या धुरानेही हाच आजार होतो. दिवाळीला गावाहून आजी आली असेल आणि देवघरापर्यंत जाताना तिला दम लागत असेल, तर रक्ताचा कागद चांगला आला म्हणून "वय झालं" असे म्हणू नका. जन्मभर जिने फुंकणीने चूल फुंकली, तिला एकदा या यंत्रात फुंकायला घेऊन जा.