गंजाला गंज का चढत नाही?

मित्रांनो, आमगावहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘आमच्याकडे भात जर्मनच्या गंजात शिजतो. आई तो तारेच्या घासणीनं घासून लख्ख करते. दादा म्हणतो, ताज्या घासलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन उडतात. मग आईला शॉक का लागत नाही?’

प्रश्न झकास! आणि दादा थापा मारत नाहीये बरं का.

(पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : गोंदियाकडे गंज म्हणजे पातेलं आणि जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. लोखंडावर चढतो तो गंज वेगळा!)

घासणीनं वरचा थर खरवडला, की आतला कोरा धातू उघडा पडतो. हवेतला ऑक्सिजन टपलेलाच असतो! त्याचे रेणू पृष्ठभागाला चिकटतात, धातूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. या झटापटीत ऊर्जा सुटते. बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. पण क्वचित एखाद्या इलेक्ट्रॉनला ती एकदम मिळते आणि तो चक्क धातूबाहेर उडी मारतो. उजेडाचीही त्याला मदत होते. १९५० च्या सुमारास योहानेस क्रामर यांनी किरणोत्सार मोजायच्या गायगर काउंटरनं असे इलेक्ट्रॉन टिपले. गंमत म्हणजे क्रामरही जर्मनच!

मग शॉक? अहो, हे इलेक्ट्रॉन एकेक मोजता येतील इतके थोडे. घरच्या पंख्याच्या करंटचा हिशेब मांडायला एकावर अठरा शून्यंसुद्धा कमी पडतात!

शिवाय हा खेळ लवकर ओसरतो. ऑक्सिजन आणि अॅल्युमिनियम मिळून पातळसा थर तयार होतो, इतका पातळ की असे दहा-वीस हजार थर रचावे तेव्हा केसाची जाडी होईल. पण घट्ट! त्यातून ऑक्सिजन आत शिरत नाही. लोखंडाचा गंज पोपडे धरून सुटतो, म्हणून ते आत आत खात जातं. जर्मनच्या थराला मात्र आंबट सोसत नाही. चिंचेचं सार किंवा कढी त्यात ठेवू नका, असं आजी सांगते ते खरंच आहे.

सिझियम धातूत इलेक्ट्रॉन फार सैल धरलेले असतात. तिथे अंधारातही नुसता ऑक्सिजन पुरतो. बर्लिनमध्ये गेरहार्ड एर्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बारकाईनं तपासलं. पृष्ठभागांवरच्या रासायनिक क्रियांच्या अभ्यासासाठी एर्टल यांना २००७ साली नोबेल मिळालं.

सिझियम काही आपल्या शाळेत मिळायचं नाही. पण त्याचा भाऊबंद सोडियम असतो. सर रॉकेलच्या बाटलीतून तो काढून चाकूनं कापतील, तेव्हा कापलेल्या जागेची चकाकी बघता बघता कशी मावळते, तिकडे नजर ठेवा. हात मात्र लावायचा नाही हं!