जुन्या मोटारीचे भवितव्य : वय, मानक आणि निगा

नवी दिल्ली : राजधानी परिसरात जुन्या कौटुंबिक मोटारीचे भवितव्य दीर्घकाळ केवळ वयावर ठरत होते. दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली होती. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र, ‘भारत स्टेज-४’ व त्यापुढील मानकांच्या वाहनांवर निव्वळ वयामुळे सक्तीची कारवाई नको, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हा दिलासा महत्त्वाचा असला, तरी अपुरा आहे. हे मानक दिल्ली परिसरात २०१० मध्ये, तर देशभर २०१७ मध्ये लागू झाले. त्यामुळे २०१२ मध्ये घेतलेल्या दोन सारख्या मोटारींपैकी एकीला संरक्षण मिळेल, लहान शहरातून आलेल्या दुसरीला कदाचित मिळणार नाही. निगा कोणी राखली, हा प्रश्न येथे गौणच ठरतो.

वास्तविक धुराचे प्रमाण निगेवरही अवलंबून असते. ऑक्सिजन सेन्सर बिघडला वा उत्प्रेरक परिवर्तक निकामी झाला, तर उच्च मानकाची मोटारही अधिक प्रदूषण करते. इंजिनाचा इशारादर्शक दिवा आणि घटलेले मायलेज या त्याच्या खुणा असू शकतात. तथापि, पेट्रोल मोटारींच्या ‘पीयूसी’ तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत.

तपासणी अधिक काटेकोर झाल्याखेरीज दुरुस्तीवर प्रामाणिकपणे खर्च करणारा आणि तो टाळणारा मालक कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीत राहतील.