दहा राग, एक ठेका

चरणजीत सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेला तो अल्बम फारसा खपला नाही. २०१० साली एका डच लेबलने तो पुन्हा काढला आणि चर्चा सुरू झाली, की हे तर शिकागोच्या १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’च्या आधीचे अ‍ॅसिड हाऊस!

ही तारीफ मला खटकते. आपल्या माणसाचे मोल शिकागोच्या फूटपट्टीनेच का ठरावे? रामदासपेठेत, हेडफोन लावून मी सगळा अल्बम सलग ऐकला, सुमारे ५० मिनिटे. आवडला, पण सगळा नाही. पहाटेचा भैरव आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच चालीने धावतात, हे जाचते. पाच मिनिटांत रागाचा विस्तार तरी कितीसा होणार! मात्र टीबी-३०३ हे यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, तिथे मींडेचा भास होतो. तो कमाल आहे.

वर्गात गझल शिकवताना मी सांगतो, रदीफ तोच राहतो म्हणून काफिया बदललेला कानाला कळतो. इथे ठेका हा रदीफ. पण सात शेरांनंतर माझे कान थकतात. इथे तर दहा राग. म्हणून सलग ऐकू नका. एका वेळी एकच राग घ्या, मधुवंतीपासून सुरू करा.