किलोच्या भावाने घेतलेला गॅस

घरगुती सिलिंडरमधला गॅस ऑटोत किंवा छोट्या टाकीत भरून देणाऱ्यांवर अकोला आणि अमरावतीत अधूनमधून पोलिसांच्या धाडी पडतात. सिलिंडर, मोटारपंप, वजनकाटा जप्त होतो. काही दिवसांनी दुसऱ्या गल्लीत तोच धंदा सुरू होतो, कारण गिऱ्हाईक कायम असते: शिकवणीसाठी खोली करून राहिलेला विद्यार्थी, चहाची टपरी, कामासाठी गाव सोडलेले मजूर कुटुंब. यांना गॅस किलोने हवा असतो.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात यातला धोका वाढतो. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे दाबाखाली द्रवरूप झालेले मिश्रण. तापल्यावर हा द्रव पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. म्हणून अधिकृत प्रकल्पात सिलिंडर भरताना साधारण १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवतात. गल्लीतला वजनकाटा पैशांच्या हिशेबासाठी असतो. टाकीची क्षमता पाहिली जातेच असे नाही. काठोकाठ भरलेली टाकी ४५ अंशांच्या दुपारी टिनाच्या खोलीत राहिली, तर द्रवाला फुगायला जागा उरत नाही. व्हॉल्व्ह गळतो किंवा टाकीच फुटते.

गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले तरी एक ठिणगी पुरते. वास आल्यास बटण चालू किंवा बंद करू नये, पंखाही लावू नये. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळती शोधायची तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काडी ओढून कधीच नाही. ज्योत पिवळी पडून भांडी काळी होऊ लागली, तर बर्नरला हवा पुरत नाही असे समजून तो साफ करून घ्यावा.

भाजल्यास जखमेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नये. चेहरा भाजला असेल, नाकातले केस जळले असतील किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर श्वासनलिका सुजण्याची भीती असते. रुग्ण बोलत असला तरी त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

धाडी हव्यातच, पण त्यांनी गरज मिटत नाही. पाच किलोचा अधिकृत सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. तो अनेकांना माहीत नाही, आणि त्याचा किलोमागे दर घरगुती सिलिंडरपेक्षा जास्त असल्याने माहीत असलेलेही मागे फिरतात. शिकवणी वर्गांच्या आणि मजुरांच्या वस्त्यांत तो सहज आणि परवडेल अशा दराने मिळाला, तर गल्लीतला पंप गिऱ्हाइकाविना बंद पडेल. घरमालकांनीही खोली देताना भाडेकरू गॅस कुठून आणतो, एवढे विचारावे.