वसुबारस आणि पांजरपोळ

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेला, मुलांना पांजरपोळात नेण्याचे बेत ठिकठिकाणी होतात. हेतू स्तुत्य, दिवस मात्र गैरसोयीचा. त्या दिवशी गर्दी लोटते आणि जो तो पोळी, गूळ, धान्य गाईच्या मुखाशी धरतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असे अन्न एकाएकी फार गेले की ते आंबते, आम्ल वाढते आणि जनावर दगावूही शकते. पुण्याच्या घासाने गाय मरावी, ही कसली पूजा?

म्हणून भेट सणानंतर आठ-दहा दिवसांनी ठेवावी. कोणता चारा हवा, किती हवा, हे व्यवस्थापकांना आधी विचारावे व तो त्यांच्याच स्वाधीन करावा. मुले थोडीच न्यावीत. कुत्रा चावला वा ओरखडला तर लपवू नये, हे निघण्यापूर्वीच बजवावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. परतताना हात साबणाने धुवावेत.

भूतदया हा शब्द आम्ही कीर्तनकार फार उदारपणे उच्चारतो. त्यातील ‘भूत’ म्हणजे केवळ गाय नव्हे. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली आणि १८३४ साली तेथील पांजरपोळाची स्थापना झाली. तेव्हा आंधळा बैल, लंगडे गाढव, म्हातारा कुत्रा यांच्यापुढेही मुलांना थोडा वेळ उभे करावे. दूध नाही, कष्ट नाहीत, मग यांना पोसायचे कशाला, असे एखादे पोर विचारीलच. त्याला गप्प करू नये. उत्तर तेथल्या चारा घालणाऱ्या माणसाला देऊ द्यावे.