‘ध’चा ‘मा’ आणि एक तिरकी रेघ

दोस्तांनो, ‘ध’चा ‘मा’ करणं हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेलच. १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना ‘धरावे’ असं लिहिलेल्या कागदावर कुणीतरी एक अक्षर बदलून ‘मारावे’ केलं, अशी आख्यायिका आहे. ती खरी की रचलेली, हा वाद आपण मोठ्यांवर सोडू. पण एका अक्षरानं हुकूम कसा फिरतो, हे मात्र सगळ्या महाराष्ट्राच्या लक्षात राहिलं.

संगणकाच्या दुनियेत तर अख्खं अक्षरही लागत नाही. एक तिरकी रेघ पुरते! आज त्याच रेघेची गोष्ट.

घरातल्या संगणकावर तुमचे सहलीचे फोटो आहेत. त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी. दर आठवड्याला नवे फोटो येणार, जुने काही बदलणार. दोन्ही ठिकाणं एकसारखी कशी ठेवायची? दरवेळी सगळं उचलून नेणं म्हणजे घरात एक नवी खुर्ची आली म्हणून सगळं सामान टेम्पोत घालून फिरवण्यासारखं. फक्त नवं आणि बदललेलं तेवढंच न्यायचं, या कामाला ‘सिंक’ करणं म्हणतात. त्यासाठी नावाजलेला एक प्रोग्रॅम आहे, ‘आरसिंक’. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या राष्ट्रीय विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो तयार केला आणि जून १९९६ मध्ये जगापुढे ठेवला. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून माहिती मुंगीच्या पावलांनी जायची. म्हणून त्यांनी अशी युक्ती काढली, की मोठ्या फाईलचा बदललेला तुकडाच पलीकडे पाठवायचा. आज तीस वर्षं होत आली, तरी जगभर तो वापरात आहे. शिवाय फुकट!

लिनक्सवर तो सहज मिळतो. विंडोजवर मात्र आधी लिनक्सची सोय बसवून घ्यावी लागते. यात चित्रं, बटणं काही नाहीत. काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करायची. ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायची, इथे आपण सोयीसाठी तिचा उच्चार छापतोय.

डबा की लाडू?

या दोन आज्ञा नीट बघा :

आरसिंक -ए फोटो डिस्क/
आरसिंक -ए फोटो/ डिस्क/

आधी मूळ जागा, मग मुक्काम. ‘-ए’ म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, तारीख-वेळेसकट, सगळं जसंच्या तसं. दोन्ही आज्ञांत फरक एवढाच, की दुसरीत ‘फोटो’च्या शेवटी तिरकी रेघ आहे.

आई म्हणाली, “लाडवांचा डबा आणून टेबलावर ठेव.” तुम्ही डबा ठेवलात. आई म्हणाली, “डब्यातले लाडू आणून टेबलावर ठेव.” तुम्ही लाडू मांडलेत, डबा राहिला स्वयंपाकघरात. अगदी तसंच! रेघ नसेल तर ‘फोटो’ नावाचा डबाच डिस्कवर जाऊन बसतो. रेघ असेल तर आतले फोटो डिस्कवर मोकळे पसरतात. मुक्कामाच्या नावाच्या शेवटी रेघ असो-नसो, सहसा फरक पडत नाही. खरी करामत मूळ जागेच्या रेघेची.

तुम्ही म्हणाल, “हात्तिच्या! मग काय झालं? थोडा पसारा होईल, आवरून टाकू.” थांबा. पुढे वाचा.

पुसणारा हात

तुम्ही मूळ जागेतले वाईट आलेले पन्नास फोटो काढून टाकले. आरसिंक डिस्कवरचे पन्नास आपणहून काढत नाही. ते काढायचे तर आज्ञेत दोन आडव्या रेघा देऊन ‘डिलीट’ असं लिहावं लागतं. त्याचा अर्थ : जे मूळ जागेत नाही, ते मुक्कामावरही ठेवू नकोस.

आता समजा, त्या डिस्कवर ‘फोटो’च्या शेजारी आणखी एक फोल्डर आहे. त्यात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. दोन वर्षांपूर्वी मावशीनं टेप करून ठेवलेल्या. आजी आता नाही. ओव्या दुसरीकडे कुठेही नाहीत.

तुम्ही रेघ न देता ‘फोटो’ लिहिलंत आणि ‘डिलीट’ म्हटलंत, तर आरसिंक फक्त डिस्कवरच्या ‘फोटो’च्या डब्यात साफसफाई करील. शेजारच्या ओव्यांना हात लावणार नाही. पण तुम्ही रेघ देऊन ‘फोटो/’ लिहिलंत, तर त्याला हुकूम कळतो तो असा : या फोल्डरच्या आत जे आहे, तेवढंच या डिस्कवर असलं पाहिजे. तो बघतो, मूळ जागेत ‘ओव्या’ नावाचं काही आहे का? नाही. मग डिस्कवर कशाला? पुसून टाक!

आणि असं पुसलेलं ‘रिसायकल बिन’मध्ये जात नाही, बरं का. गेलं ते गेलं.

यात आरसिंकचा दोष किती? काहीच नाही. तुमच्या मनात काय होतं ते त्याला दिसत नाही, तुम्ही लिहिलेलं तेवढं दिसतं. घरातलं माणूस विचारील, “अगं, आजीच्या ओव्या पुसायच्या? नक्की?” यंत्र विचारत नाही.

दुसरा धोका बघा. मूळ फोटो एका बाहेरच्या डिस्कवर आहेत आणि तिची वायर सैल झालीय. संगणकाला तिथं रिकामं फोल्डर दिसतं. रिकामं फोल्डर म्हणजे काही बिघाड नव्हे! आरसिंकला वाटतं, मालकानं सगळं काढलेलं दिसतंय. आणि ‘डिलीट’ लिहिलेलं असेल तर तो दुसरीकडची प्रतही इमानदारीनं साफ करतो.

रंगीत तालीम

मग यावर उपाय? नाटकाची रंगीत तालीम करता ना, तशी इथंही करता येते. आज्ञेत ‘-एन’ हा पर्याय घाला. त्याचंच लांब नाव ‘ड्राय-रन’. मग आरसिंक सगळं तपासतो, काय काय करणार ते सांगतो, पण करत काहीच नाही. सोबत ‘-व्ही’ द्या, म्हणजे तो फायलींची नावं वाचून दाखवील. आणि ‘-आय’ दिलात, तर प्रत्येक फाईल का हलवावीशी वाटली, तेही खुणांनी सांगेल.

त्या यादीत ‘डिलीटिंग’ हा शब्द शोधा. त्याच्यापुढे तुम्हाला नको असलेलंच नाव असेल तर ठीक. ‘ओव्या’ दिसलं, तर हात कीबोर्डवरून काढा! अजून काहीही गेलेलं नाही.

आणखी दोन कुलपं आहेत. ‘मॅक्स-डिलीट’ला दहा म्हणून सांगितलंत, तर तो एका खेपेला दहाच्या वर काही पुसत नाही. आणि ‘बॅकअप’सोबत ‘बॅकअप-डिर’ देऊन एक वेगळं फोल्डर नेमून दिलंत, तर पुसायच्या आणि बदलायच्या जुन्या फायली तो आधी तिथं नेऊन ठेवतो. हे फोल्डर मात्र साफसफाई चालते त्या जागेच्या बाहेर नेमा. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत व्हायला नको असेल तर ही कुलपं आधीच लावायची.

गाडी अडली तर?

आता नेहमीच्या काही तक्रारी पाहू.

“बदल काहीच नाही, तरी दरवेळी सगळ्या फायली पुन्हा जातात!” याचं उत्तर कळायला आरसिंक कसा पारखतो ते कळलं पाहिजे. तो प्रत्येक फाईल उघडून वाचत बसत नाही. फाईलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ, या दोनच गोष्टी जुळवतो. दोन्ही जुळल्या की पुढे सरकतो. तुम्ही ‘-ए’ऐवजी नुसतं ‘-आर’ लिहिलं असेल, तर नव्या प्रतीवर मूळची वेळ न पडता आजची वेळ पडते. पुढच्या खेपेला वेळ जुळत नाही, की निघाली सगळी वरात पुन्हा!

“पण मी ‘-ए’ लिहिलंय. पेनड्राइव्हवर तरीही तेच!” तर मग पेनड्राइव्हची मांडणी बघा. ती ‘फॅट’ प्रकारची असेल, तर तिथं वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवतात. नऊ वाजून तीन सेकंद ही वेळ तिथं लिहिताच येत नाही. मग आरसिंकला वाटतं, फाईल बदलली. ‘मॉडिफाय-विंडो’ एक ठेवायला सांगा, म्हणजे एका सेकंदाचा फरक तो सोडून देईल.

“गाणी वगळ म्हणून सांगितलं, तरी गेलीच!” वगळण्यासाठी ‘एक्स्क्लूड’ लिहून त्यात गाण्यांच्या फोल्डरचा पत्ता अगदी डिस्कच्या मुळापासून लिहिला होता ना? तिथंच गोम आहे. या नावाच्या सुरुवातीला दिलेली तिरकी रेघ म्हणजे डिस्कचं मूळ नव्हे, ज्या जागेपासून फायली निघाल्या ती जागा. ‘फोटो/’ पाठवत असाल तर ‘/गाणी’ एवढंच लिहायचं. ‘फोटो’ असं बिनरेघेचं पाठवत असाल तर ‘/फोटो/गाणी’. आली का पुन्हा आपली रेघ! आणि नाव जुळलं नाही, तर आरसिंक कुरकूरही करत नाही. म्हणून इथंही आधी तालीम.

मॅन्युअल कसं वाचायचं?

ही सगळी गुपितं कुठून कळली म्हणता? गुपितं कसली, सगळं लिहून ठेवलंय! काळ्या खिडकीत ‘मॅन आरसिंक’ लिहा. माहितीपुस्तिका उघडेल. ती बरीच लांब आहे, आणि गोष्टीच्या पुस्तकासारखी पहिल्या पानापासून वाचायला गेलात तर झोप लागेल. ती शब्दकोशासारखी वाचायची. तिरकी रेघ दाबून हवा तो शब्द लिहा, एंटर दाबा, की त्या शब्दावर उडी. (बघा, इथंही रेघच!) पुढची जागा हवी तर ‘एन’ दाबा. बाहेर पडायला ‘क्यू’.

वाचताना एक पथ्य पाळा. जो पर्याय वापरणार, त्याचा पूर्ण परिच्छेद वाचा, पहिली ओळ नव्हे. ‘डिलीट’च्या परिच्छेदात आधी ड्राय-रन करून बघा असा सल्ला स्वच्छ लिहिलेला आहे. आणि पुस्तिका आपल्याच संगणकावरची वाचा. कारण आवृत्त्या निरनिराळ्या असतात, दुसऱ्याकडे चाललेली आज्ञा आपल्याकडे चालेलच असं नाही.

तुमचीही एक वही

शेवटचं काम तुमचं. जी आज्ञा बरोबर चालली, ती एका वहीत लिहून ठेवा. शेजारी चार ओळी : ही कशासाठी, मूळ जागा कोणती, मुक्काम कोणता, रेघ आहे की नाही आणि का. सहा महिन्यांनी तुम्हालाच ती आठवणार नाही. आणि तुम्ही घरी नसताना ताईला किंवा बाबांना हे काम करावं लागलं तर? तुमची वही हीच त्यांची पुस्तिका.

अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर “चालत नाहीये हो!” एवढंच सांगू नका. डॉक्टरांकडे जाऊन नुसतं “बरं नाही” म्हणून भागतं का? चार गोष्टी सांगा : आरसिंकची आवृत्ती, टाईप केलेली आज्ञा अक्षरन् अक्षर, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. कित्येकदा हे चार मुद्दे लिहिता लिहिताच चूक आपल्याला सापडते.

आता गृहपाठ. ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन फोल्डरं करा. त्यांत बिनमहत्त्वाच्या छोट्या फायली ठेवा. ‘अ’मध्ये तीन, ‘ब’मध्ये वेगळ्या नावांच्या दोन. आता ‘डिलीट’ लावून ‘अ’ हे ‘ब’मध्ये पाठवायचंय. एकदा रेघ देऊन, एकदा न देता. दोन्ही वेळा ‘ब’मध्ये काय उरेल, ते आधी कागदावर लिहा. मग ‘-एन’ लावून तालीम करा आणि उत्तर ताडून बघा. दुसऱ्या वेळेआधी ‘ब’ जसं होतं तसं आहे ना, तेही बघा. तालीमच केली असेल, तर ते तसंच असणार!

उत्तर चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका. इथं चुकलात तर फार तर दोन फुटकळ फायली जातील. आजीच्या ओव्या सुखरूप राहतील.