विश्लेषण : बाल्कनीत, गच्चीवर ‘डेक’ बसवताय? आधी वजन आणि पाणी तपासा!

उलवे, पनवेल, खारघरमधील गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘डेक’ हा शब्द हमखास दिसतो. वाशी, नेरुळच्या जुन्या घरांतही बाल्कनीत लाकडी डेक बसवून घेतला जातो. मात्र रंग आणि दर पाहून केलेली निवड इमारतीच्या स्लॅबला आणि खालच्या शेजाऱ्याला महागात पडू शकते.

‘डेक’ म्हणजे नेमके काय?

जाहिरातीतला डेक कागदोपत्री बहुतेकदा बाल्कनी किंवा खुली गच्ची असते. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार या दोन्हींचे क्षेत्रफळ चटई क्षेत्रात (कार्पेट एरिया) धरता येत नाही. त्यामुळे घर घेताना मंजूर नकाशात त्या जागेला काय म्हटले आहे आणि करारनाम्यात तिचे क्षेत्रफळ वेगळे दिले आहे का, हे पाहावे.

स्लॅबवर किती वजन चालते?

भारतीय मानक आयएस ८७५ नुसार घरातील खोल्यांसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो, तर बाल्कनीसाठी ३०० किलो वापराचा भार धरून आराखडा केला जातो. माणसे, सामान, कुंड्या सगळे त्यातच आले. २० मिलिमीटर दगडी फरशी आणि खाली दोन इंच माल टाकला, की चौरस मीटरला दीडशे किलोंची भर पडते. फूटभर ओल्या मातीचा वाफा केला तर हे वजन ५०० किलोंवर जाते. याउलट, २५ मिलिमीटर जाडीची सागवानी फळी १६-१७ किलोंतच भागते.

हा धोका काल्पनिक नाही. नेरुळ सेक्टर १७ मधील जिमी पार्क इमारतीत ११ जून २०२२ रोजी एकाखाली एक स्लॅब कोसळले आणि एकाचा मृत्यू झाला. एका घरात तेव्हा फरशीचे काम सुरू होते, असे त्यावेळच्या बातम्यांत म्हटले होते.

कुठे कोणता प्रकार योग्य?

छोट्या, छत असलेल्या बाल्कनीत एकमेकांत अडकणाऱ्या डेक टाइल्स पुरतात. त्या जुनी फरशी न फोडता बसतात आणि साफसफाईसाठी उचलता येतात.

खुल्या गच्चीवर लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांपासून बनवलेल्या कॉम्पोझिट फळ्या सोयीच्या. त्यांना दरवर्षी तेल-पॉलिश लागत नाही. पण एप्रिल-मेच्या उन्हात गडद फळी पायाला चटके देते, म्हणून फिका रंग घ्यावा. सांगाडा कमी-जास्त उंचीच्या प्लास्टिक पायांवर उभारावा. स्लॅबमध्ये ड्रिल केले, की वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो आणि गळती सुरू होते.

रो-हाऊसच्या अंगणात वजनाचा प्रश्न नसतो. तिथे दगड किंवा सागवान चालते. लाकडाला वाळवीपासून जपावे लागते.

खाडीच्या खारट हवेत साधे लोखंड लवकर गंजते. त्यामुळे सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत.

परवानगी कोणाची?

इमारतीची सामाईक गच्ची कोणा एकाची नसते. तिथे परस्पर डेक टाकता येत नाही. स्वतःच्या बाल्कनीतील कामाचीही सोसायटीला लेखी कल्पना द्यावी. डेकवर कायमचे छप्पर टाकणे किंवा बाल्कनी बंदिस्त करणे हे बांधकाम ठरू शकते. त्याला महापालिकेची परवानगी नसेल, तर एमआरटीपी कायद्याखाली नोटीस येऊ शकते. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अशा ठिकाणी तो अहवाल पाहिल्याशिवाय कामाला हात घालू नये.

काम सुरू करण्यापूर्वी काय करावे?

गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास साठवून खालच्या घरात ओल येते का, ते पाहावे. मात्र जुन्या किंवा तडे गेलेल्या स्लॅबवर ही चाचणी अभियंत्याला विचारूनच करावी. पाण्याचा उतार आउटलेटकडेच आहे ना, हे तपासावे आणि आउटलेटवरची फळी उचलता येईल अशी ठेवावी. डेकमुळे पायाखालची पातळी चार इंच वाढली, तर कठडा तेवढाच बुटका होतो. लहान मुले असलेल्या घरांत आधी कठड्याची उंची वाढवावी. गच्चीवरचे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे. डेकखाली गळती सुरू झाली, तर ती शोधण्यासाठी सगळा डेक उचलावा लागतो.